सर्व्हे नंबर बारा, हिस्सा तीन

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा सागरी रस्ता आरे-वारेच्या चढावर आला की खाली दोन किनारे, सुरूचं बन आणि गाड्या थांबवून फोटो काढणारे पर्यटक दिसतात. या भागातल्या बागायतदारांच्या हातातले अर्ज मात्र कोणाच्या फोटोत येत नाहीत. फळपीक विम्याचा अर्ज असतो, हापूसला २०१८ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन वापरण्यासाठी नोंदणीचा असतो, घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या तर त्याचा वेगळा. मे २०२१ मधल्या तौक्तेसारखं वादळ येऊन गेलं की नुकसानभरपाईचे कागद त्यात आणखी भर घालतात.

आता यातले बरेच अर्ज पीडीएफ होऊन मोबाइलवर येतात. समजा, पंचक्रोशीतल्या बागायतदारांच्या एखाद्या गटाने असा एक अर्ज तयार केला: नाव, गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र, कलमांची संख्या, बँक खातं. दोनशे जणांनी तो भरून व्हॉट्सअ‍ॅपवर परत पाठवला. पुढचं चित्र आपल्या ओळखीचं आहे. गावातला एखादा कॉलेजचा मुलगा एका खिडकीत पीडीएफ आणि दुसऱ्या खिडकीत एक्सेल उघडून दोन रात्री टंकत बसतो. त्या दोन रात्री बहुतेक वेळा फुकट गेलेल्या असतात. का, ते समजण्यासाठी फाइलच्या पोटात शिरावं लागतं.

पीडीएफची कल्पना अडोबी कंपनीचे सहसंस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये एका टिपणात मांडली आणि १९९३ मध्ये ती बाजारात आली. कुठल्याही संगणकावर, कुठल्याही छपाईयंत्रावर पान हुबेहूब तसंच दिसावं, एवढाच तिचा हट्ट होता. म्हणून पीडीएफच्या पानात मुळात सूचना असतात: या जागी हा आकार काढ, त्या जागी ही रेघ मार. त्यातला कुठला आकार माणसाचं नाव आहे आणि कुठला गावाचं, याचं त्या पानाला सोयरसुतक नसतं.

१९९६ च्या सुमारास आलेल्या १.२ आवृत्तीने त्यात भरता येण्याजोगे रकाने आणले. असा प्रत्येक रकाना पानावरच्या चित्रापासून वेगळा, स्वतंत्र नोंद म्हणून फाइलमध्ये राहतो. त्याला एक नाव असतं, एक प्रकार असतो (मजकूर, खूण, यादी किंवा सही) आणि भरलेलं मूल्य असतं. ‘पीडीएफटीके’सारखा फुकट मिळणारा प्रोग्रॅम किंवा पायथॉनमधलं ‘पायपीडीएफ’ ही नाव-मूल्याची जोडी थेट उचलतो. प्रत्येक अर्जाची एक ओळ, प्रत्येक रकान्याचा एक स्तंभ. दोनशे अर्जांचा तक्ता चहा उकळायच्या आत तयार होतो. अर्ज बनवणाऱ्याने रकान्यांची नावं ‘टेक्स्ट१’, ‘टेक्स्ट२’ अशीच सोडून दिली असतील, तर कुठला स्तंभ कशाचा हे शोधत बसावं लागतं, तेवढंच. आणि खुणेच्या चौकटीत ‘होय’ सापडेल असं समजू नये. तिथे अर्ज बनवताना ठरवलेला शब्द येतो आणि खूण नसेल तर ‘ऑफ’.

हे सगळं रकाना जिवंत असेल तर. पण मोबाइलवर अर्ज भरून अनेक जण ‘प्रिंट’मध्ये जातात आणि पुन्हा पीडीएफ म्हणून साठवतात. पडद्यावर काहीच बदललेलं दिसत नाही. आत मात्र रकाने विरघळून पानावरचे नुसते आकार उरतात. आंब्याचा रस ताटात पसरून साठं घातली की त्यात कुठल्या कलमाचा आंबा किती, हे जसं कोणी सांगू शकत नाही, तसंच. आपल्याकडची ‘भरा, छापा, सही करा, स्कॅन करा, अपलोड करा’ ही रीत तर याच्याही पुढची. तिच्यात अक्षरांचे आकारही जाऊन फोटो उरतो आणि मग ओसीआरने अक्षरं ओळखत बसायचं. संगणकावर असलेली माहिती आधी कागदावर मारायची आणि मग तिला जिवंत करायला यंत्र लावायचं, हा उद्योग मला अनाकलनीय वाटतो.

मराठीत तर हा फरक फारच टोकाचा होतो. ‘शिरगाव’ टंकताना आपण आधी ‘श’ आणि मग वेलांटी देतो. युनिकोडमध्येही क्रम तोच. पण पानावर वेलांटी ‘श’च्या आधी काढली जाते. त्यामुळे छापील पीडीएफमधून मजकूर उचलला की वेलांटी अनेकदा चुकीच्या जागी येऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये तयार केलेल्या कागदातून तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला हाती येतो, कारण तिथे मराठी अक्षराच्या जागी संगणकाला मुळात इंग्रजी अक्षरच माहीत असतं.

जिवंत रकान्यात मात्र युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर टंकलेल्या क्रमानेच जपलेला असतो. गंमत अशी, की बऱ्याच पीडीएफ वाचकांना त्या रकान्यात देवनागरी नीट रंगवता येत नाही. वेलांट्या भरकटतात, पाय मोडलेली अक्षरं दिसतात. लोक घाबरतात आणि अर्ज छापून, हाताने भरून पाठवतात. म्हणजे पडद्यावर मोडकी दिसणारी फाइल आतून शाबूत असते, आणि देखणी दिसणारी आतून विस्कटलेली.

तक्त्यात माहिती आली म्हणजे सुटलो, असंही नाही. कोकणात जमिनीचे तुकडे लहान आणि हिस्से फार. सर्व्हे नंबर बारा, हिस्सा तीन, हे अर्जात ‘१२/३’ असं लिहितात. इंग्रजी आकड्यांत ते एक्सेलमध्ये शिरलं की एक्सेल त्याला बारा मार्च समजतं आणि चालू वर्ष आपल्या पदरचं जोडतं. नंतर स्तंभ साध्या संख्येत बदलायला गेलात तर २०२५ साली भरलेल्या त्या हिश्शाचे ४५७२८ होतात, कारण एक्सेल तारखा १ जानेवारी १९०० पासूनच्या दिवसांत मोजतं. सातबारा हा शब्द आकड्यांत लिहिला तरी तीच गत. या खोडीने जीवशास्त्रज्ञांनाही छळलं आहे. ‘मार्च१’ नावाच्या जनुकाची तारीख होत असल्यामुळे मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये अशा २७ जनुकांची नावंच बदलल्याचं जाहीर केलं. सॉफ्टवेअर सुधारण्यापेक्षा विज्ञान बदलणं सोपं पडलं!

क्षेत्राचं दुखणं वेगळं. सातबाऱ्यावर ते हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात. ०.५.२० म्हणजे ५ आर २० चौरस मीटर, अर्थात ०.०५२० हेक्टर. दोन टिंबांची ही संख्या बेरजेला येईना म्हणून कोणी दुसरं टिंब खोडलं, की ०.५२० हेक्टर होतं आणि बाग दहापट वाढते. बँक खात्याच्या सुरुवातीची शून्यं तर एक्सेल न विचारता गिळतं, आणि १५ आकड्यांपलीकडचे आकडे शून्य करून टाकतं. भरपाईचे पैसे ज्या खात्यात जायचे, त्याच खात्याबद्दल हे चाललेलं असतं.

यावरचा उपाय कंटाळवाणा आणि स्वस्त आहे. माहिती आत घेण्याआधीच ते स्तंभ ‘मजकूर’ प्रकारचे ठरवून टाकायचे. क्षेत्रासाठी अर्जातच हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे तीन वेगळे रकाने ठेवायचे. सर्व्हे नंबर आणि हिस्साही वेगवेगळे. आणि अर्ज गावभर पाठवण्याआधी एक खोटा शेतकरी भरून पाहायचा: गाव शिरगाव, सर्व्हे नंबर बारा, हिस्सा तीन, क्षेत्र पाच आर वीस चौरस मीटर, खातं शून्याने सुरू होणारं. एकदा गावातल्या सर्वांत जुन्या मोबाइलवरून, एकदा संगणकावरून. तक्त्यात तो खोटा शेतकरी दोन्ही वेळा जसाच्या तसा उतरला, तर खऱ्यांना पाठवायला हरकत नाही.