हळद लाल होते तेव्हा

हळदीचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावला की डाग लालभडक होतो आणि पाण्यात खळबळून काढला की पुन्हा पिवळा. कुंकवाचा लाल रंग याच्या जवळचा असला, तरी अस्सल कुंकवाची गोष्ट एक पायरी पुढची आहे.

हळदीचा रंग कर्क्युमिन या रेणूचा. तो निळा प्रकाश शोषतो, म्हणून पिवळा दिसतो. साबण, सोडा किंवा चुना लागला की त्यातला हायड्रोजन सुटतो, इलेक्ट्रॉन अधिक मोकळे होतात, शोषण हिरव्या प्रकाशाकडे सरकते आणि रंग लाल होतो. लिंबू पिळले की हायड्रोजन परत जागेवर! त्यामुळे नुसत्या हळद-चुन्याचा लाल रंग टिकाऊ नसतो. कपाळावरचा किंचित आम्लधर्मी घामही त्याला पुरतो.

जुन्या कारागिरांनी यावर काढलेली तोड मला फार मोलाची वाटते. ते हळकुंडे टाकणखार आणि लिंबाच्या रसात मुरवत, वाळवत, मग दळत. टाकणखारात बोरॉन असतो आणि आम्लाच्या सान्निध्यात बोरॉन कर्क्युमिनशी थेट बंध जोडतो. इथे आम्लाने लाली जात नाही, उलट आम्लामुळेच ती येते. प्रयोगशाळेत तीव्र आम्ल वापरले तर बोरॉनचा एक अणू कर्क्युमिनचे दोन रेणू धरून ठेवतो; त्या गडद लाल संयुगाला रोझोसायनिन म्हणतात. पाण्यातला बोरॉन ओळखायला रसायनशास्त्रज्ञ आजही हीच अभिक्रिया वापरतात. कर्क्युमिन उन्हात विटते, तेव्हा झाकणाचा करंडाही शहाणपणाचाच.

शेंदूर मात्र वेगळ्याच कुळातला. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. शिसे पोटात गेले तर मेंदूला, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला, इजा करते आणि त्याची सुरक्षित अशी मात्राच नाही. भांगात शेंदूर भरून त्याच हाताने बाळाला भरवणे टाळायलाच हवे. पुडीवर ‘शुद्ध’ एवढेच छापून चालणार नाही, आत काय आहे तेही छापले पाहिजे.

टिकलीत धोका रंगापेक्षा डिंकाचा. काही डिंकांतले पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मारते आणि टिकलीच्या जागी पांढरा डाग उरतो. तिथे खाज सुटली किंवा त्वचा फिकट दिसू लागली, की टिकली लगेच बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.