'पिशवी' काढल्याचा परिणाम मेंदूपर्यंत

तेलगाव (जि. बीड) - साखर कारखान्यामुळे परिचित असलेल्या तेलगावच्या परिसरातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांची 'कोयती' बाहेरगावी रवाना होतात. पाळीच्या दुखण्याने खाडा पडला की दंड, म्हणून 'पिशवी' काढून टाकण्याकडे स्त्रियांचा कल वाढला. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये या बाबीची चौकशी केली. जिल्ह्यातील ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींचे, म्हणजे सुमारे सहांत एकीचे, गर्भाशय काढण्यात आले होते.

या शस्त्रक्रियेत गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली गेली, तर प्रश्न केवळ अपत्याचा राहत नाही. इस्ट्रोजेन हे संप्रेरक प्रामुख्याने अंडाशयात तयार होते आणि रक्तावाटे मेंदूत पोहोचते. तेथील पेशींत ते विशिष्ट प्रथिनाशी, म्हणजे ग्राहीशी, जोडले जाते. ही जोडी पेशीकेंद्रातील डीएनएच्या ठराविक जागी बसून काही जनुके चालू, तर काही बंद करते. जनुक तेच राहते. त्यापासून प्रथिन किती बनावे, हे मात्र बदलते.

शरीराचे तापमान सांभाळणारा हायपोथॅलॅमस आणि स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागांत असे ग्राही आढळतात. कॅथरीन वूली व ब्रूस मॅक्युअन यांनी १९९० च्या सुमारास उंदरांवर केलेल्या प्रयोगांत इस्ट्रोजेन घटताच हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींना जोडणारे सूक्ष्म काटे कमी झाल्याचे दिसले.

नैसर्गिक रजोनिवृत्तीत हा बदल सावकाश होतो. शस्त्रक्रियेनंतर तो एकाएकी होतो. अंगातून वाफा निघणे, झोप उडणे, चिडचिड, उदासी, विसराळूपणा यांचे मूळ त्यात असू शकते. रजोनिवृत्तीपूर्वी अंडाशये काढलेल्या स्त्रियांत उतारवयात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला आढळल्याचे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २००७ मधील अभ्यासात नमूद आहे. वय जितके कमी, तितका धोका अधिक. अर्थात, हा धोका आहे, अटळ भवितव्य नव्हे.

केवळ गर्भाशय काढले असल्यास अंडाशये काम करीत राहतात. मात्र ती लवकर थकण्याची शक्यता वाढते. त्यामुळे नेमके काय काढले, याची नोंद असलेले रुग्णालयाचे कागद जपून ठेवणे महत्त्वाचे ठरते. अंडाशये गेली असल्यास रजोनिवृत्तीच्या नैसर्गिक वयापर्यंत, अन्य अडचण नसेल तर, डॉक्टरांच्या सल्ल्याने संप्रेरके घेता येतात. विसराळूपणाला 'डोके फिरले' म्हणून हिणवण्यापूर्वी घरच्यांनी एवढे जाणून घेणे आवश्यक आहे.