आहेराचा चकचकीत कागद आणि आपला उकिरडा

इतकी वर्षे मी तुमच्याशी बियाणे, खते आणि फवारणीबद्दल बोलत आलो. आजचा विषय लग्नातल्या आहेराचा आहे. कृषी विस्तार अधिकाऱ्याने यात कशाला पडावे, असे कुणी म्हणेल. पण हा विषय मांडवातून निघतो आणि शेतात येऊन पोहोचतो. तो कसा पोहोचतो, हे मी माझ्याच घरी पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी वैशाखात माझ्या मुलीचे लग्न झाले. कळमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी, घरापुढेच मांडव होता. आहेराचा ढीग पडला. लाल, निळ्या, सोनेरी कागदात गुंडाळलेले खोके, त्यावर चमकत्या फितीची फुले. दुसऱ्या दिवशी घरातल्या पोरांनी तासाभरात सारे फोडले. वस्तू आत गेल्या. कागद, फिती, चिकटपट्ट्या आणि टाचण्या टोपल्यात भरून उकिरड्यावर गेल्या. मी ओसरीवर बसून पाहत होतो. गावोगाव शेणखताचे खड्डे भरायला शिकवणारा मी, त्या वेळी “थांबा” म्हणालो नाही.

पुढच्या वर्षी मृगाआधी तो उकिरडा उपसला आणि खत शेतात पसरले. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली. वेचणाऱ्या बायकांपैकी एकीने ओंजळ वर करून दाखवली आणि म्हणाली, “सायेब, तुमच्या कापसात सोनं पिकलं काहो!” बोंडाला सोनेरी फितीचा तुकडा चिकटला होता. सगळ्या हसल्या, मीही हसलो. पण कापूस विकायला नेला तेव्हा व्यापाऱ्याने ढिगात हात घालून असेच दोन-तीन तुकडे बाहेर काढले आणि भाव पाडला. मी वाद घातला नाही. कापसात प्लास्टिक जाऊ देऊ नका, तो पोत्यात न भरता सुती कापडात भरा, हे मीच लोकांना सांगत होतो.

हा तुकडा एवढा का डाचतो? जिनिंगमध्ये कापसाबरोबर त्याच्याही बारीक चिंध्या होतात आणि त्या रुईत मिसळतात. रुईतून सुतात, सुतातून कापडात जातात. कापसाला रंग चढतो, प्लास्टिकला चढत नाही. मग रंगवलेल्या कापडावर ठिपके दिसतात आणि गिरणी तो माल नाकारते.

तो कागद नव्हेच

ज्याला आपण चमकी कागद म्हणतो, तो बहुधा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. त्यावर ॲल्युमिनियमचा बारीक थर दिलेला असतो, म्हणून तो चमकतो. दुकानात ‘जिलेटीन पेपर’ म्हणून मिळणारा पारदर्शक कागदही आता बहुतेक प्लास्टिकचाच असतो.

ओळखायचे कसे? मुठीत घट्ट चुरगळा आणि मूठ उघडा. चुरगळलेलाच राहिला तर बहुधा कागद. फुलून पुन्हा पसरला तर प्लास्टिक. शंका वाटली तर फाडून पाहा. कागदाच्या फाटलेल्या कडेला बारीक तंतू दिसतात, प्लास्टिकची कड गुळगुळीत असते किंवा ताणली जाते.

खरा कागद खड्ड्यात कुजतो. आपल्या विदर्भातलेच पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, ज्यांना लोक नाडेप काका म्हणत, त्यांनी १० × ६ × ३ फुटांच्या टाकीत थोड्या शेणात भरपूर काडीकचरा कुजवायची पद्धत दिली. अशा टाकीत साध्या कागदाचे तुकडेही शेणकाल्यात भिजवून, पातळ थरात घालता येतात. चमकी कागद मात्र वर्षानुवर्षे तसाच राहतो, फक्त त्याचे बारीक तुकडे होतात. चुलीत घातला तर त्याचा विषारी धूर घरातल्या बाईच्या आणि लेकराच्या छातीत जातो. म्हणून तो जाळूही नका.

जनावराच्या पोटात

उकिरड्यावर गाय-वासरू तोंड घालतेच. कागदाला लाडवाचा, पेढ्याचा वास असला तर जास्तच. गिळलेले प्लास्टिक पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात साचून राहते, पचत नाही, पुढेही सरकत नाही. जनावर रवंथ कमी करते, पोट फुगते, दूध आटते. शेवटी डॉक्टरांना कूस उघडून गोळा काढावा लागतो, आणि उशीर झाला तर जनावर हातचे जाते.

टाचणी आणि स्टेपलरची पिन याहून वाईट. ती जाळीदार कप्प्यात अडकते आणि तिथून हृदय जवळच असते. पिन रुतत रुतत तिकडे गेली की उपाय फारसा उरत नाही.

कायद्यानेही यातल्या काही गोष्टींवर बंदी आहे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या वस्तू बंद झाल्या, त्यांत मिठाईच्या डब्यावरचे आणि निमंत्रणपत्रिकेवरचे प्लास्टिकचे वेष्टनही आहे. पण शिपाई काही आपल्या मांडवात उभा राहणार नाही. तिथे आपले आपणच पाहायचे.

आपल्याकडे काय होते

चमकी कागद येण्याआधी आहेर उघडा येत नव्हता. ओटीचा नारळ खणात यायचा. धान्य दुपट्ट्यात, फराळ दुरडीत, त्यावर धुतलेले फडके. आषाढीला धापेवाड्याहून आणलेला प्रसाद माझी आजी पदराच्या गाठीत बांधून आणायची. वेष्टन म्हणून काही वेगळे विकत घ्यावे लागत नव्हते. जे बांधायला वापरले, ते पुन्हा वापरात यायचे.

जपानमध्येही हीच रीत आहे. तिथे चौकोनी कापडात वस्तू बांधून देतात आणि त्या कापडाला ‘फुरोशिकी’ म्हणतात. कचरा वाढला तेव्हा २००६ साली तिथल्या पर्यावरण मंत्री युरिको कोइके यांनी लोकांना त्या जुन्या रीतीची मुद्दाम आठवण करून दिली. आपण तर कापूस पिकवणारे लोक. आपल्याला कापडाची आठवण दुसऱ्याने करून द्यायला नको.

कशात काय बांधावे

खोका असेल तर चौकोनी कापड घ्या. मांजरपाट चालेल, जुन्या पण धड लुगड्याचा तुकडाही चालेल. कापडाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर वस्तूच्या लांबीच्या तिप्पट असावे. छत्तीस इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडात सोळा-सतरा इंच लांब खोका सहज बसतो. खोका मधोमध तिरपा ठेवा. समोरासमोरचे दोन कोपरे त्यावर घ्या, उरलेल्या दोहोंची वर गाठ मारा. दुसरी गाठ पहिलीच्या उलट दिशेने मारा, म्हणजे ती सुटणार नाही आणि सोडताना त्रासही देणार नाही.

घरात पडून असलेले ब्लाऊजपीस यासाठी उत्तम. आज आपल्याकडे आले, उद्या दुसरीकडे गेले, शिवत कुणीच नाही. निदान भांड्याच्या तोंडावर तरी बांधा. रिकामे भांडे देऊ नये असे आपल्यात म्हणतातच. गंजात शेर-दोन शेर गहू किंवा डाळ घाला, तोंडावर खण बांधा. आणखी वेष्टन कशाला?

लाडू, करंज्या पळसाच्या द्रोणात द्या. वर दुसरे पान ठेवून दोऱ्याने बांधा. वाळलेले पान तडकते, म्हणून आधी पाणी शिंपडून थोडा वेळ ओल्या फडक्यात ठेवा. खाण्याची वस्तू छापील वर्तमानपत्रात मात्र बांधू नका, शाई अन्नाला लागते. आंबिया किंवा मृग बहाराची संत्री द्यायची तर बुरडाकडची टोपली घ्या आणि खाली तणस अंथरा. टोपली त्या घरी पुढे कितीतरी दिवस राबते.

पुस्तक, घड्याळ यांना जुन्या कॅलेंडरचा कागद उलटा करून लावा. चिकटपट्टीऐवजी कणकेची खळ वापरा. फितीऐवजी सुतळी बांधा, किंवा धुऱ्यावरच्या अंबाडीचा दोर वळा. तान्ह्या पोळ्याला नंदी घेऊन येणाऱ्या पोरांची बक्षिसे अशी बांधली तर पोरांना रीतही कळेल. कागद रंगीत हवा असेल तर फाल्गुनात पळसफुले उकळून त्या पाण्याचा हात कागदावर फिरवा, केशरी-पिवळा रंग येतो.

घरी आधीच आलेला चमकी कागद न फाडता सोडवा आणि फळीवर अंथरा. पुढे टाकायची वेळ आली तर सुक्या कचऱ्याच्या गाडीत द्या, उकिरड्यावर नको. टाचण्या-पिना मोजून डबीत ठेवा.

लोक काय म्हणतील?

खरी अडचण इथेच आहे. आहेर लहान असला की चमकी कागद त्याची लाज झाकतो. गरीब माणसाला तो कागद मानासाठी लागतो, आणि तो मान त्याच्याकडून काढून घेण्याचा मला अधिकार नाही. म्हणून सुरुवात त्याने करायची नाही. ज्यांच्या आहेराला कुणी लहान म्हणणार नाही, त्या सरपंचांनी, गुरुजींनी, मोठ्या शेतकऱ्यांनी आणि आम्हा नोकरदारांनी आधी कापडात बांधून आहेर द्यावा. मग मागचे आपोआप येतील.

माझ्या मुलीच्या लग्नात आमच्या शेतात वर्षानुवर्षे निंदण-वेचण करणारी एक म्हातारी आली होती. तिने पायलीभर तुरीची डाळ नव्या दुपट्ट्यात बांधून, वर अंबाडीची दोरी गुंडाळून आणली होती. खोक्यांच्या ढिगात ते गाठोडे कुठे ठेवावे हे तिला कळेना. कुणीतरी हसले. माझ्या बायकोने ते हातात घेतले आणि सरळ देवघरात नेऊन ठेवले.

त्या खोक्यांतले काय कुणाचे होते, हे आज आम्हाला आठवत नाही. म्हाताऱ्या बाईचा दुपट्टा मात्र अजून घरात आहे. धुऊन धुऊन मऊ झाला आहे, आणि माझी शेतातली भाकर रोज त्यातच बांधून येते.