परवान्यावरचा शेरा आधी वाचा

मागच्या वर्षी रमजानच्या आधी एक बहीण आपल्या मुलाला घेऊन आमच्या घरी आल्या. त्या द्वारकेजवळच राहतात. मुलगा माझा जुना विद्यार्थी, अभ्यासात हुशार. मेकॅनिकलची पदवी घेऊन त्याने एक वर्षाचा मरीन इंजिनिअरिंगचा कोर्स केला. पुढे जहाजावर सहा महिने शिकाऊ म्हणून काढले आणि मुंबईला लेखी-तोंडी परीक्षा देऊन क्लास फोरचे प्रमाणपत्र मिळवले. मोहल्ल्यात जहाजावर इंजिनिअर झालेला तो पहिलाच.

"टीचर, याला आखातात सप्लाय बोटीवर सेकंड इंजिनिअरची नोकरी मिळतेय," अम्मी म्हणाल्या. "एजंट सांगतो, परदेशी झेंड्याचे एन्डॉर्समेंट काढायला तीन लाख भरा, म्हणजे कागद पक्का. बांगड्या मोडू का?"

कोकणात दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे असा प्रश्न पडला, तर विचारायला घरातच एखादे जहाजावरचे चाचा असतात. आपल्या नाशकात ट्रक आणि गॅरेज जाणणारे पुष्कळ आहेत, पण जहाज जाणणारा शोधावा लागतो. मी दापोलीकडच्या आमच्या एका नातेवाइकांना फोन लावला. ते चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेत. दोन संध्याकाळी बसून आम्ही सगळे कागद वाचले. त्यातून जे कळले, ते इतर घरांच्याही उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

सप्लाय बोट म्हणजे काय?

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र आहे. तिथे १९७४ मध्ये तेल सापडले. तिथल्या प्लॅटफॉर्म आणि रिगना डिझेल, पिण्याचे पाणी, सिमेंट, पाइप, अन्नधान्य असे सगळे सामान बोटीने पोहोचवावे लागते. काही बोटी रिग ओढतात आणि त्यांचे अवजड नांगर टाकतात-उचलतात. आखातातही असेच काम चालते.

बोट प्लॅटफॉर्मच्या अगदी जवळ उभी राहते. लाटा आणि वारा असतानाही ती जागेवरून हलू नये म्हणून संगणक तिचे पंखे सतत चालवत असतो. याला डायनॅमिक पोझिशनिंग, थोडक्यात डीपी म्हणतात. ऐनवेळी जनरेटर बंद पडला तर काय होईल, हे सांगायला नको. मुंबईच्या २६ जुलै २००५ च्या महापुराच्या दुसऱ्याच दिवशी बॉम्बे हायवर 'समुद्र सुरक्षा' हे सहाय्यक जहाज प्लॅटफॉर्मला धडकले. तेल-वायूची नळी फुटून आग लागली आणि २२ माणसे गेली. जखमी झालेल्या एका स्वयंपाक्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर पोहोचवण्यासाठी ते जहाज जवळ आले होते. या कामात कागदाची एवढी काटेकोर तपासणी का होते, ते यावरून समजते.

शेरा परवान्याला मोठे करत नाही

मनमाडजवळच्या पानेवाडीहून पेट्रोलचे टँकर नेणारे ड्रायव्हर आपल्याकडे आहेत. त्यांच्या लायसन्सवर धोकादायक माल वाहण्याचा वेगळा शेरा लागतो. पण ज्याच्याकडे फक्त कारचे लायसन्स आहे, त्याला त्या शेऱ्याने टँकर चालवता येईल का? नाही. आधी अवजड वाहनाचे लायसन्स हवे.

जहाजाचेही तसेच आहे. मूळ परवाना म्हणजे सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सी, सगळे त्याला सीओसी म्हणतात. आपल्याकडे तो नौवहन महासंचालनालय, म्हणजे डीजी शिपिंगच्या अधिकारात मिळतो. क्लास फोर म्हणजे इंजिनरूममध्ये पाळी सांभाळणारा अधिकारी, क्लास टू म्हणजे सेकंड इंजिनिअरच्या पात्रतेचा आणि क्लास वन म्हणजे चीफ. जहाजावर दुसऱ्या देशाचा झेंडा असेल, तर त्या देशाने आपला परवाना मान्य केल्याचा कागद लागतो. तेच झेंड्याचे एन्डॉर्समेंट. तो देश आपला परवाना फक्त मान्य करतो, त्याचा दर्जा वाढवत नाही. क्लास फोरचा माणूस त्या कागदाने सेकंड इंजिनिअर होत नाही.

कागदावर काय पाहावे?

पहिली गोष्ट किलोवॅट. आमचा मुलगा म्हणाला, "टीचर, बोट तर छोटीच आहे." इथेच पुष्कळांची फसगत होते. कॅप्टन आणि मेटच्या परवान्यासाठी जहाजाचे टनेज पाहतात, इंजिनिअरसाठी इंजिनाची ताकद. आंतरराष्ट्रीय एसटीसीडब्ल्यू नियमांत ७५० आणि ३,००० किलोवॅट या दोन पायऱ्या आहेत. सप्लाय बोट दिसायला लहान, पण तिचे इंजिन दांडगे असते. ऑफर लेटरमधल्या बोटीची ताकद ६,००० हॉर्सपॉवर, म्हणजे सुमारे साडेचार हजार किलोवॅट होती. अशा बोटीवर सेकंड इंजिनिअरला वरच्या पायरीचाच परवाना हवा.

दुसरी गोष्ट समुद्राची हद्द. परवान्यावर एनसीव्ही लिहिले असेल, तर तो किनाऱ्याजवळच्या प्रवासापुरता असतो. परदेशी कामासाठी तो चालेल असे गृहीत धरू नये.

तिसरी गोष्ट इंजिनाचा प्रकार. या बोटी डिझेलवर चालतात, म्हणून परवान्यावर 'मोटर' असावे लागते.

चौथी गोष्ट मुदत. सीओसी पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणासाठी साधारणपणे मागच्या पाच वर्षांत १२ महिने किंवा शेवटच्या सहा महिन्यांत तीन महिने समुद्रावरची नोकरी दाखवावी लागते. मूळ परवाना संपला की झेंड्याचा शेराही संपतो. नवा शेरा हातात येण्याआधी अर्ज केल्याचा पुरावा जवळ ठेवून तीन महिन्यांपर्यंत काम करता येते. पण तोंडी "अर्ज केलाय" याला किंमत नाही.

डीपीच्या देखभालीचा कोर्स, हेलिकॉप्टर पाण्यात पडल्यास बाहेर कसे यायचे याचे प्रशिक्षण, हे काम देणारी कंपनी मागते. टँकरचे एन्डॉर्समेंट तेल, रसायन आणि गॅसच्या जहाजांसाठी असते. सप्लाय बोटीसाठी कोणी ते घ्यायला लावत असेल, तर कशासाठी, ते लेखी विचारावे.

पैसे कोणी भरायचे?

समुद्रावरच्या कामगारांच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार नोकरी मिळवून देण्यासाठी खलाशाकडून किंवा अधिकाऱ्याकडून पैसे घेता येत नाहीत. मेडिकल, सीडीसी आणि पासपोर्टचा खर्च आपला, व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. झेंड्याच्या एन्डॉर्समेंटचा अर्जही सहसा कंपनीच करते. भरती करणाऱ्याकडे आरपीएसएल हे सरकारी लायसन्स हवे. त्यांची यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर पाहता येते. आमच्या मुलाने मोबाइलवर यादी उघडली. त्या एजंटचे नाव तिच्यात नव्हते.

तीन लाख भरून तो गेला असता, तर बंदरातल्या पहिल्याच तपासणीत अडकला असता. जहाज थांबले असते आणि दोष परवानाधारकाच्या माथी आला असता.

कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत सूरह बकरामध्ये आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी, साक्षीदार ठेवण्याविषयी आहे. आपण ती तिलावत करतो, पण मुलाच्या रोजीचा सौदा मात्र फोनवरच्या शब्दावर करतो. बोटीचे नाव, झेंडा, किलोवॅट, हुद्दा, पगार आणि परतीचा खर्च लेखी करारात आल्याशिवाय पासपोर्ट कोणाच्या हाती देऊ नका.

अम्मींच्या बांगड्या हातातच राहिल्या. मुलगा यादीतल्या एका कंपनीमार्फत फोर्थ इंजिनिअर म्हणून गेला, एक पैसा न देता. पगार एजंटने सांगितलेल्यापेक्षा कमी आहे. पण समुद्रावरची ही नोकरी त्याच्या सीडीसीत नोंदली जातेय आणि तीच पुढे क्लास टूच्या परीक्षेसाठी लागणार आहे. परवा अम्मी बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "टीचर, आता शेजारच्या घरातला कागद आलाय. कधी येऊ?"

मी म्हटले, "आजच या. आणि मुलालाही सोबत आणा, वाचायचे त्यानेच आहे."