चालताना उलटे आकडे मोजा : या चाचणीतून डिमेन्शिया कळतो का?

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सकाळी फिरणारे ज्येष्ठांचे ग्रुप पाहिले असतील, तर एक गोष्ट लक्षात आली असेल. गप्पांमध्ये महत्त्वाचा मुद्दा आला की काही जण चक्क थांबतात, बोलून झालं की पुन्हा चालू लागतात.

या सवयीकडे संशोधकांचं लक्ष जुनंच आहे. १९९७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये स्वीडनचा एक छोटा अभ्यास आला. ५८ वृद्धांपैकी १२ जण बोलताना थांबत होते. त्यातले १० जण पुढच्या सहा महिन्यांत कधी ना कधी पडले. हा अभ्यास पडण्याबद्दल होता, स्मरणशक्तीबद्दल नाही. पण चालणं आणि विचार करणं मेंदूच्या एकाच लक्षातून वाटून घेतलं जातं, हे त्यातून दिसलं.

आता चाचणी अशी : आधी काही मीटर नुसतं चालायचं, मग तेवढंच अंतर १०० पासून उलटे आकडे म्हणत किंवा प्राण्यांची नावं घेत. नुसतं चालताना वेग सेकंदाला १ मीटर आणि मोजताना ०.७५ असेल, तर घट २५ टक्के. थोडा वेग सगळ्यांचाच कमी होतो.

२०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी ११२ जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. आकडे मोजताना ज्यांचा वेग २० टक्क्यांहून जास्त घटला, त्यांच्यात डिमेन्शियाचा धोका सुमारे पावणेचार पट दिसला. ऐकायला भीतीदायक आहे. पण हे ११२ जण कोण होते? ज्यांच्यात सौम्य स्मृतिदोषाचं निदान डॉक्टरांनी आधीच केलं होतं, असे. त्यांच्यातही अभ्यासाच्या काळात डिमेन्शिया झाला तो २७ जणांना. त्यामुळे मुलुंडच्या धडधाकट आजोबांना हा 'पावणेचार पट' जसाच्या तसा लावता येत नाही.

दुसरी अडचण आपल्या भाषेची. नव्वद, एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी... उलटं म्हणून बघा, तेही बसल्या जागी! शाळा लवकर सुटलेल्या आजींना इथे वेळ लागला, तर तो दोष मेंदूचा की गणिताचा? प्राण्यांची नावं त्या मानाने सोपी, पण कॅनडाच्या अभ्यासात त्यांचा इशारा आकड्यांपेक्षा कमकुवत होता.

शिवाय गुडघेदुखी, मोतीबिंदू, मधुमेहाने बधिर झालेले पाय, झोपेच्या गोळ्या यांनीही चाल बिघडते. आणि जागा? अंधेरी स्टेशनच्या पुलावर किंवा उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर ही चाचणी घेण्यात अर्थच नाही. तिथे तरुणही बोलता बोलता अडखळतात.

म्हणून घरी मोबाइलचं स्टॉपवॉच लावून आईबाबांना 'पास-नापास' करू नका. चाल गेल्या काही महिन्यांत बदलली असेल आणि सोबत औषधं विसरणं, पैशांचा हिशेब चुकणं, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणं सुरू झालं असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांमुळेही असं होतं, आणि त्यांवर उपचार आहेत.