तळ्यातलं देऊळ आणि कुंभाराची लेक

बेट म्हटलं की आपल्याला आठवतो मुरूडचा जंजिरा, नाहीतर घारापुरी. खारं पाणी, होडी आणि भरती-ओहोटीचं गणित! पण सोलापूरला भर शहरात, गोड्या पाण्याच्या तळ्यात सिद्धेश्वराचं देऊळ आहे. होडी नको की काही नको, चालत जायचं. शेजारी भुईकोट किल्ला. संध्याकाळी पाण्यात दिवे उतरले की पायरीवरून उठवत नाही.

हे तळं सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना बरोबर घेऊन खोदलं, असं सांगतात. कोरडा मुलूख तो, तिथे पाण्यासारखं पुण्य कुठलं? पाण्यासाठी वणवण काय असते, हे डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईलाच विचारा. सिद्धरामेश्वर बसवेश्वरांच्या काळातले शिवयोगी, कन्नड वचनकार. शहराभोवती त्यांनी ६८ लिंगं स्थापली, समाधी देवळाच्या आवारातच आहे.

मला मात्र तिथे आठवते ती कुंभाराची लेक. रोज योगीराजांच्या अंगणात सडा-रांगोळी करायची. मनाने त्यांनाच वरलं. ते म्हणाले, मी लिंगाशी बांधलेला, लग्न कसं करू? तिचा हट्ट सुटेना. शेवटी त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावायला संमती दिली. पुढे ती सती गेली, अशी कथा आहे.

संक्रांतीच्या गड्डा यात्रेत हेच लग्न दरवर्षी लागतं. आधी ६८ लिंगांना तैलाभिषेक, म्हणजे लग्नाआधीचं तेल-हळदच की! मग पांढऱ्या बाराबंदीतले भक्त उंचच उंच सात नंदीध्वज पेलत आणतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. लाखोंचं वऱ्हाड! आणि दुसऱ्या दिवशी होम मैदानावर पेंढीला साडी नेसवून, चुडा-मंगळसूत्र घालून ती अग्नीला देतात.

इथे माझं मन अडतं. अक्षतांना हात आपोआप उचलतो, होमाला नाही. श्रद्धा आहेच हो, पण नवी नवरी आणि लगेच आग? त्याच काळात अक्का महादेवीने चन्नमल्लिकार्जुनालाच पती मानलं, राजवाडा सोडला आणि वचनं रचली. तिचं नाव नऊशे वर्षं टिकलं. हिला बहुतेक जण नुसतं ‘कुंभारकन्या’ म्हणतात. ना नाव, ना शब्द.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. अक्षता पडण्याआधी त्या कट्ट्यावर सुगडांची पूजा होते. तीच आपली संक्रांतीची सुगडं, ज्यांत आपण हरभरा, बोरं, उसाचे करवे भरतो. मुलीच्या माहेरची म्हणा ना! आमच्या बचत गटातल्या एकीने हे ऐकलं आणि म्हणाली, “ताई, औंदा प्लॅस्टिकची वाटी नको, कुंभाराकडचीच सुगडं आणू.” आणि पाच सुगडं सांगूनही आली.