आठ खुर्च्या, चार पाट्या

बालमित्रांनो, एक कोडं सोडवा पाहू. निवडणुकीत एका उमेदवाराला जास्त मतं मिळाली, तरी तो घरी. आणि कमी मतं मिळालेला थेट संसदेत! मोजणीत घोटाळा नाही, कुणी रडीचा डावही खेळलेला नाही. मग हे कसं?

त्यासाठी नकाशात भूमध्य समुद्राच्या पूर्व काठावर बोट ठेवा. तिथं लेबनॉन हा चिमुकला देश सापडेल. राजधानी बैरूतच्या आग्नेयेला शूफ नावाचा डोंगराळ भाग आहे. त्याच्या वाट्याला संसदेतल्या आठ जागा येतात आणि प्रत्येक खुर्चीवर आधीच पाटी लावलेली असते! तीन मॅरोनाइट ख्रिश्चनांच्या, दोन ड्रूझांच्या, दोन सुन्नी मुसलमानांच्या आणि एक ग्रीक कॅथलिकांची. सुन्नींच्या दोन खुर्च्या भरल्या की संपलं. तिसऱ्या सुन्नी उमेदवाराला ग्रीक कॅथलिकापेक्षा दुप्पट मतं पडली, तरी उरलेली खुर्ची काही त्याची नव्हे.

“म्हणजे ज्यानं त्यानं आपल्याच पंथाला मत द्यायचं?” असं तुम्ही विचाराल. छे! पाटी खुर्चीला आहे, मताला नाही. २००९ च्या निवडणुकीत शूफचा मतदार आठही जागांसाठी मत देऊ शकत होता. त्यामुळे मॅरोनाइट उमेदवाराला ड्रूझ शेजाऱ्याचं दार ठोठवावंच लागे. आपल्याकडे धर्मावर जागा राखीव नाहीत, पण अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव मतदारसंघ आहेत ना, तिथंही मत सगळेच देतात. १९३२ च्या पुणे कराराची आठवण आई-बाबांना विचारा.

शूफमध्ये हे दार ठोठावणं सोपं नव्हतं, बरं का. १९७५ ते १९९० अशी पंधरा वर्षं लेबनॉन यादवी युद्धात होरपळला. १९८३ मध्ये याच डोंगरात ड्रूझ आणि ख्रिश्चन एकमेकांवर तुटून पडले. ख्रिश्चनांची कितीतरी गावं ओस पडली. मॅरोनाइटांचे धर्मप्रमुख नसरल्ला स्फेर हे ड्रूझ नेते वालिद जुंबलात यांच्या मुख्तारा गावी समेटासाठी गेले, ते थेट २००१ साली!

२०१८ पासून पद्धत बदलली. शूफ शेजारच्या आलेय भागाला जोडला गेला. मतदार आता उमेदवारांची एक यादी निवडतो आणि तिच्यातलं एकच आवडतं नाव. एकच नाव म्हटल्यावर माणूस आपल्यातलाच शोधणार, नाही का? मला तरी जुनी सक्ती बरी वाटते.

साऱ्या देशातच अशी वाटणी आहे. संसदेत १२८ जागा: ६४ ख्रिश्चनांच्या, ६४ मुसलमान आणि ड्रूझ वगैरेंच्या. कुणाची संख्या किती, हे मात्र विचारू नका! तिथली शेवटची जनगणना १९३२ ची. पुन्हा मोजायचं म्हटलं की वाटणीचं भांडण उकरून निघणार, म्हणून कुणी मोजतच नाही.

आणि शूफमध्ये राहणाऱ्या शिया मुलानं मोठेपणी तिथूनच उभं राहायचं म्हटलं तर? त्या आठ खुर्च्यांत शियांची एकही नाही. त्याला दुसरा मतदारसंघ शोधावा लागेल. या पाट्या टप्प्याटप्प्यानं काढायच्या, असं १९९० मध्ये लेबनॉनच्या राज्यघटनेत लिहिलं गेलं. तेव्हा शाळेत असलेल्या मुलांची मुलं आज शाळेत जातात. २०२२ च्या निवडणुकीतही शूफच्या आठ खुर्च्यांवर त्याच पाट्या होत्या.